पानांची करवत : उतारवयातील एका छंदाचा पूर्वेतिहास

सुताराच्या पेटीतील बहुतेक करवती लाकडाचे दोन तुकडे करण्यासाठी असतात. एकच करवत अशी आहे, की जी लाकूड तोडण्यासाठी नसून त्यात रेघ ओढण्यासाठी असते. तिचे पाते सुमारे पाच इंच लांब आणि जाड सुतापेक्षा फारसे रुंद नसलेले. फळीच्या कडेकडून आत शिरण्याचे बंधन तिला नाही. आधी गिरमिटाने फळीच्या पोटात भोक पाडावयाचे, पाते कमानीतून सोडवून त्या भोकातून ओवावयाचे, पुन्हा कमानीत ताणून बसवावयाचे आणि मग आतल्या आत नक्षी कापीत जावयाचे. इंग्रजांनी या करवतीस फ्रेटसॉ म्हटले. हीच यंत्रावर चढविली म्हणजे तिचे नाव स्क्रोल सॉ होते. जर्मन लोकांनी दिलेले नाव मला अधिक आवडते. ते तिला ‘लाउबसेगे’ म्हणतात, म्हणजे पानांची करवत. कारण वेली, पाने आणि पल्लव कापून काढणे हेच तिचे मूळ काम.

ही करवत माझ्या हाती आली ती साठी उलटल्यावर. कचेरीतील सारी वर्षे इतरांनी लिहिलेल्या कागदांवर शेरे मारण्यात गेली होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, वडील घरात नुसते येरझारा घालतात हे पाहून, मुलाने विजेवर चालणारे एक लहानसे यंत्र आणून दिले. प्लायवूडच्या तुकड्यावर मी एक साधे पिंपळपान रेखाटले आणि भीत भीत यंत्र सुरू केले. वळणावर पाते न अडखळता वळले, रेघ पुरी झाली आणि आतला तुकडा ‘टक्’ असा आवाज करून खाली पडला. पानाच्या आकाराचे एक रिकामेपण माझ्या हातात राहिले. इतक्या वर्षांच्या शेऱ्यांनी जे समाधान दिले नव्हते ते त्या एका आवाजाने दिले, असे लिहिले तर अतिशयोक्ती वाटेल. परंतु ते खरे आहे. पुढे चौकशी करता कळले, की देशोदेशी हा नाद लागलेली माणसे मुख्यतः माझ्याच वयाची असतात. तेव्हा मनात आले, की ही करवत आली तरी कोठून, आणि ती निवृत्तांच्या ओसरीवर येऊन का विसावली? त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

लाकडात लाकूड जडविण्याची कला या करवतीहून जुनी. पंधराव्या शतकात इटलीतील कारागीर निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे सुरीने कोरून बसवीत आणि त्यांतून चित्रे उभी करीत. उर्बिनोचा सरदार फेदेरीगो दा मोन्तेफेल्त्रो याने गुब्बिओ येथील आपल्या वाड्यात १४७८ ते १४८२ च्या सुमारास एक लहान अभ्यासिका अशा कामाने मढवून घेतली. आज ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. अर्धवट उघडी कपाटे, त्यांतील ग्रंथ, वाद्ये, सारे सपाट भिंतीवर लाकडाच्या तुकड्यांनी असे दाखविले आहे, की पाहणाऱ्याचा हात आपोआप कपाटाच्या दाराकडे जावा. परंतु सुरीला मर्यादा होती. प्रत्येक तुकडा स्वतंत्र कोरावा लागे, आणि अगदी लहान वळणात सुरी लाकूड चिरीत जाई.

सोळाव्या शतकात बारीक पात्याची करवत पुढे आली आणि ही मर्यादा सुटली. जर्मनीतील आउग्सबुर्ग हे तेव्हा या कामाचे मोठे केंद्र होते. तेथे १५६६ साली घडविलेले, पुढे ‘व्रांगेल कपाट’ या नावाने प्रसिद्ध झालेले एक कपाट म्युन्स्टरच्या संग्रहालयात आहे; त्यावरील पडक्या कमानी आणि गुंतागुंतीची पाने पाहिली म्हणजे जर्मनांनी या करवतीला पानांचे नाव का दिले ते कळते. असले पाते म्हणजे तारेसारखे बारीक, तरीही ताण सोसणारे पोलाद. घड्याळाची कमान आणि सोनाराची करवत ज्या विद्येतून निघाली त्याच विद्येचे हे अपत्य होय. सुताराची ही करवत आणि सोनाराची करवत या सख्ख्या बहिणी आहेत. सोनार आजही चांदीच्या पत्र्यात जाळी पाडतो ती याच रीतीने.

या करवतीने खरी कीर्ती मिळविली ती पॅरिसमध्ये, आंद्रे-शार्ल बूल याच्या हाती. बूलचा जन्म १६४२ चा. १६७२ साली चौदाव्या लुईने त्याला राजाश्रय देऊन लुव्र राजवाड्याच्या गाळ्यांत राहावयास जागा दिली. राजाच्या छत्राखाली असल्यामुळे पॅरिसच्या कारागीर-संघांचे निर्बंध त्याला लागू नव्हते. लाकूडकाम करणाऱ्याने धातूला हात लावू नये, असली बंधने इतरांना होती, त्याला नव्हती. त्याची युक्ती वरवर पाहता सोपी होती. कासवाच्या पाठीचा एक पत्रा आणि पितळेचा एक पत्रा एकावर एक ठेवावयाचा, वर नक्षीचा कागद चिकटवावयाचा आणि दोन्ही एकदमच कापावयाचे. कापून झाल्यावर हाती येतात त्या दोन नक्षी: एकीत काळसर कासवपाठीच्या भूमीवर पितळेची वेल, आणि दुसरीत पितळेच्या भूमीवर कासवपाठीची वेल. टाकाऊ असे काही उरतच नाही. एकाचे पोकळ ते दुसऱ्याचे भरीव. म्हणून बूलची कपाटे पुष्कळदा जोडीने आढळतात. एक दुसऱ्याच्या उलट रंगाचे. करवत ही लाकूड नाहीसे करणारी वस्तू आहे असे आपण समजतो. या माणसाने तिच्याकडून एका कापात दोन वस्तू करून घेतल्या. इंग्रजीत या कामास ‘बूल’ हेच नाव पडले आणि करवतीलाही कित्येक वर्षे त्याचेच नाव चिकटले.

बूलच्या चरित्रातील एक गोष्ट माझ्यासारख्यास विशेष वाटली. १७१५ साली, म्हणजे वयाच्या सत्तरीनंतर, त्याने आपला धंदा रीतसर आपल्या चार मुलांच्या नावे करून दिला. कागदोपत्री तो निवृत्त झाला. परंतु कर्ज फिटले नव्हते, आणि चित्रे व रेखाटने जमविण्याचा त्याचा नाद मोठा खर्चिक होता. कमाई होई ती त्यात जाई आणि सावकार दारात उभे राहात. पुढे १७२० च्या ऑगस्टमध्ये कारखान्यास आग लागली आणि घडलेल्या वस्तू, साठविलेले लाकूड व आयुष्यभराचा संग्रह त्यात जळाला. त्यानंतरही तो बारा वर्षे जगला. १७३२ साली वारला तेव्हा तो नव्वदीच्या उंबरठ्यावर होता. निवृत्ती हा शब्द त्याच्या बाबतीत कागदापुरताच खरा ठरला. आपल्याकडे मुलांच्या हाती किल्ल्या देऊनही पहाटे दुकान झाडावयास जाणारे म्हातारे असतात, त्यांच्याच जातीचा हा माणूस.

बूलच्या काळापर्यंत ही करवत राजवाड्यांच्या सेवेत होती आणि ती चालविणारे हात धंद्याचे होते. फ्रान्समध्ये असले काम करणारे कारागीर एका लाकडी घोडीवर पाय टाकून बसत, पायाने चिमटा आवळून पत्रा उभा धरीत आणि करवत आडवी चालवीत. इंग्रजांनी त्या घोडीला गाढव म्हटले, आणि ते नाव आजही आहे. त्या आसनावर सारा जन्म बसणाऱ्यास हा छंद आहे असे कोणी सांगितले असते तर त्याने काय उत्तर दिले असते, ते सांगणे नको.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी घडल्या, आणि माझ्या मते सारे मर्म त्यांत आहे. पहिली अशी, की करवत यंत्रावर चढली. वाफेवर चालणाऱ्या मोठ्या करवतींनी घरांच्या पडव्या, वळचणी आणि गच्च्या यांच्यासाठी लाकडी झालरी वारावर कापून मिळू लागल्या. जे पूर्वी मेस्त्रीने पटाशीने दिवस दिवस बसून कोरावयाचे, ते आता दुकानातून मोजून आणता येऊ लागले. दुसरी अशी, की शिवणयंत्राप्रमाणे पायट्यावर चालणाऱ्या लहान करवती निघाल्या. अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील रॉकफर्ड येथील बार्न्स बंधूंची पायाने चालणारी यंत्रे प्रसिद्धीस आली. १८७६ साली फिलाडेल्फिया येथे त्या राष्ट्राच्या शताब्दीचे मोठे प्रदर्शन भरले; त्या सुमारास अमेरिकेत या नादाची लाटच उसळली. कारकून, विद्यार्थी, गृहिणी सिगारच्या रिकाम्या पेट्यांच्या पातळ फळ्या मिळवून त्यांत कंस, घडवंच्या आणि तसबिरींच्या चौकटी कापू लागले. त्या पेट्यांचे लाकूड चांगले असे आणि फुकट मिळे. एकाच शोधाने एका बाजूस धंद्याचा कारागीर बाजूला सारला आणि दुसऱ्या बाजूस धंद्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या हाती त्याचे हत्यार दिले. या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, हे या इतिहासात विसरले जाते. छंदाची पुस्तके दुसरी तेवढी सांगतात.

यंत्राच्या या नक्षीवर टीका करणारेही होते. इंग्लंडमधील चार्ल्स ईस्टलेक याने १८६८ साली घरातील वस्तूंच्या अभिरुचीवर एक पुस्तक लिहून साध्या, प्रामाणिक लाकूडकामाचा पुरस्कार केला होता. अमेरिकेतील कारखानदारांनी त्याचेच नाव घेऊन करवतीने कापलेल्या झालरींची घरे ‘ईस्टलेक पद्धतीची’ म्हणून विकली! १८८२ साली त्या बिचाऱ्याला आपला या प्रकाराशी संबंध नाही असे जाहीरपणे सांगावे लागले.

तरीही या करवतीने एक असे गाव निर्माण केले आहे, की ज्याचे वर्णन ऐकून देवस्थानांशी बांधलेल्या आपल्या वाचकांस ओळखीचे काही वाटावे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स प्रांतात मार्थाज व्हिनयार्ड नावाचे बेट आहे. तेथील ओकवृक्षांच्या एका राईत १८३५ पासून मेथॉडिस्ट पंथाचे ख्रिस्ती लोक दर उन्हाळ्यात प्रवचने आणि प्रार्थना यांसाठी जमू लागले. प्रारंभी सारे तंबूत उतरत. हळूहळू, १८६० च्या आगेमागे, तंबूंच्या जागी लाकडी घरकुले उभी राहिली. ती तंबूएवढीच अरुंद, तंबूसारखीच उतरत्या छपराची, आणि दार पुढच्या बाजूस दुहेरी, तंबूचे पडदे दोन्हीकडे सारावेत तसे. प्रत्येक घरकुलाच्या कपाळावर व सज्ज्यावर करवतीने कापलेली झालर. कोठे पाने, कोठे हृदयाकृती, कोठे नुसती वळणे. पुढे १८७९ साली मध्यभागी लोखंडी खांबांचा प्रार्थनामंडप झाला. ऑगस्ट महिन्यात एका रात्री सारी घरकुले कागदी कंदिलांनी उजळण्याची प्रथा १८६९ पासूनची आहे. तीनशेहून अधिक घरकुले अद्याप उभी आहेत. जत्रेस येऊन अग्रशाळेत उतरणारे महाजन आणि देवालयाच्या प्रांगणातील दीपमाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे चित्र फार परके वाटू नये. माणसे देवासाठी एकत्र जमली, की थोड्याच काळात छपराच्या कडेला नक्षी येते. ती कोणी मागितलेली नसते.

इंग्लंडात हा छंद मुख्यतः मुलांचा झाला. नॉरफोक परगण्यातील डेरेहॅम या लहानशा गावी ‘हॉबीज’ नावाची कंपनी पायट्याच्या करवती, पाती आणि नमुने विकीत असे. १८९५ साली तिने त्याच नावाचे साप्ताहिक काढले आणि त्याबरोबर नक्षीचे तक्ते वाटले. घड्याळांची घरे, पत्रे ठेवण्याच्या चौकटी, देवळांच्या प्रतिकृती. वाचकाने तक्ता लाकडावर चिकटवावयाचा आणि रेघेवरून करवत न्यावयाची. पुढे प्लायवूड स्वस्त झाले आणि हे काम आणखी सोपे झाले. आपल्याकडे कित्येक शाळांतून हस्तव्यवसायाच्या तासाला ‘फ्रेटवर्क’ शिकविले जाई. ज्यांनी त्या तासाला पाती मोडली आणि मास्तरांची बोलणी खाल्ली, त्यांच्यापैकी काही जण हा लेख वाचीत असतील.

मग मुलांची ही करवत म्हाताऱ्यांच्या हाती कशी आली? याचे उत्तर करवतीच्या इतिहासात नाही. ते पेन्शनच्या इतिहासात आहे. काम करणाऱ्या सर्वसामान्य माणसाने एका ठराविक वयास काम थांबवावे आणि त्यानंतर त्याच्या उदरनिर्वाहाची सोय असावी, ही कल्पना फार जुनी नाही. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली वृद्धांच्या विम्याचा कायदा झाला. त्यात वयाची अट सत्तर वर्षांची होती, ती १९१६ साली पासष्टवर आली. ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने सत्तरी ओलांडलेल्या गरिबांस आठवड्यास पाच शिलिंगपर्यंत वेतन मिळू लागले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरांचे निवृत्तीचे वय १९६२ साली पंचावन्नाचे अठ्ठावन्न झाले आणि १९९८ साली साठ. दरम्यान माणसाचे आयुष्यही वाढले. सत्तरीच्या अटीचा कायदा झाला तेव्हा त्या वयास पोचणारे थोडे असत, आणि जे पोचत त्यांच्या अंगी करवत धरण्याएवढे बळ क्वचितच उरे. आज साठीस निवृत्त होणाऱ्या माणसापुढे धडधाकट अशी पंधरा-वीस वर्षे असतात. वानप्रस्थाची कल्पना करणाऱ्या आपल्या पूर्वजांनी त्या आश्रमासाठी वन सांगितले होते. आमच्या वाट्यास वन आले नाही, व्हरांडा आला.

यंत्रानेही साथ दिली. विजेवर चालणाऱ्या घरगुती करवती १९२० नंतर अमेरिकेत मिळू लागल्या होत्या. मिलवॉकीच्या डेल्टा कंपनीचे नाव त्यांत अग्रगण्य होते. परंतु त्यांत पाते वरच्या बाजूस कमानीच्या दट्ट्यावर टांगलेले असे, ताण सारखा राहात नसे आणि पाती फार मोडत. १९७० च्या दशकात जर्मनीच्या हेग्नर कंपनीने जुन्या पायट्याच्या यंत्रांतील दोन समांतर बाहूंचे तत्त्व नव्याने वापरले. पाते दोन्ही बाहूंच्या टोकांमध्ये सदैव सारखे ताणलेले राहू लागले. कापलेली कड इतकी गुळगुळीत येऊ लागली, की काचकागदाचे कामही कमी झाले. हे यंत्र लाकडाला धक्का देत नाही, हाताला हिसका देत नाही आणि बोट कापण्याची भीतीही इतर यंत्रकरवतींहून कमी. थरथरत्या हातांना याहून अधिक काय हवे? मुलांच्या खेळण्यात जे दोष होते ते निघून गेले, आणि नेमका त्याच काळात फुरसतीचा एक नवा आश्रम जन्मास आला होता. दोघांची गाठ पडली.

येथवरचा इतिहास परदेशाचा झाला. आपल्या भूमीत जाळीची परंपरा तर फार मोठी. अहमदाबादच्या सिदी सैयद मशिदीतील, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, दगडी जाळीचे झाड सर्वांच्या माहितीचे आहे. मथुरा-वृंदावनच्या वैष्णव मंदिरांत सांझीसाठी कागदाचे साचे कातरतात, तेही याच कुळातले. आणि गोव्यात आहे आपले मखर. नवरात्रात येथील कित्येक देवालयांत देवाची मूर्ती नटविलेल्या मखरात बसवितात, कीर्तन होते, आणि मग वाद्यांच्या व गायनाच्या लयीवर ते मखर झोपाळ्यासारखे हळूहळू झुलविले जाते. ज्यांनी तो मखरोत्सव पाहिला नसेल त्यांना शब्दांनी सांगणे कठीण. दिव्यांच्या उजेडात बेगड चमकते, जाळीच्या सावल्या भिंतीवर डावीउजवीकडे सरकतात आणि मूर्ती स्थिर असूनही चालती वाटते.

या जाळीत, साच्यात आणि मखरात एक नियम समान आहे. जो भाग पोकळ करावयाचा त्याच्या पोटातील भरीव बेट कशास तरी धरून राहिले पाहिजे. नाहीतर ते गळून पडते. म्हणून नक्षी काढणाऱ्याने प्रत्येक पानास देठ आणि प्रत्येक पक्ष्यास फांदी द्यावी लागते. देठ नाजूक असला तर शोभा येते, फार नाजूक असला तर नक्षीच मोडते. या कलेतील सारे कौशल्य ‘किती काढावे’ यापेक्षा ‘किती राखावे’ यात आहे. हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. मी ते देवाच्या समोर शिकलो.

झाले ते असे. मधल्या काळात थर्मोकोलने मखरांचा ताबा घेतला होता. कापावयास सोपे, वजनास हलके, किमतीस स्वस्त. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, आणि त्या चर्चेचा वारा सीमेपलीकडेही आला. आमच्या देवस्थानच्या मंडळींनी पुन्हा लाकडी जाळीचे मखर करावे असे ठरविले. पूर्वी हे काम एका वृद्ध मेस्ताच्या घराण्याकडे होते. मी उत्साहाने पुढे झालो. सेवा म्हणून करीन, पैसा नको, असे म्हणालो. मंडळींस आनंद झाला आणि मेस्ताला कोणी निरोप धाडला नाही. त्या क्षणी यात मला काही गैर वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. देवाचे काम फुकट करणारा आपणच पुण्यवान, एवढेच डोक्यात होते.

दोन महिने खपून मी पातळ सागवानी फळ्यांत मोरांची जोडी कापली. पिसाऱ्यातील प्रत्येक डोळा वेगळा. शेजारपाजारचे येऊन पाहून गेले. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी मखर टांगले आणि नुसते झुलवून पाहिले. चौथ्या-पाचव्या झोक्यास एका मोराची मान कटकन मोडून चिरा उघडी पडली आणि डोके जमिनीवर घरंगळत गेले. सभामंडपात चार माणसे होती. कोणी हसले नाही, ते अधिक झोंबले.

मग मेस्तास बोलावणे गेले. तो आला, तुकडा उचलला, बोटाने मोडलेल्या जागेवरून हात फिरविला. मला वाटले आता टोमणा ऐकावा लागणार. तो म्हणाला, “बाब, चित्र चांगले काढले आहे. पण कागदावर काढले. कागदाला सगळ्या दिशा सारख्या. लाकडाला नाहीत.” आणि त्याने दाखविले, की माझ्या फळीत तंतू आडवे होते. मानेसारखा अरुंद भाग तंतूंना आडवा कापला म्हणजे त्यास धरून ठेवणारे काहीच राहात नाही. “झाड ज्या दिशेने वाढले, त्या दिशेने लाकूड आजही बळकट. मान उभी हवी तर फळी उभी घ्यावी.” प्लायवूडमध्ये पापुद्रे एकमेकांस आडवे चिकटविलेले असतात, त्यामुळे ही चूक माझ्या ध्यानात कधी आलीच नव्हती. साप्ताहिकांच्या तक्त्यांवर वाढलेल्या छंदाचे हे व्यंग आहे: रेघ मिळते, लाकडाची ओळख मिळत नाही.

दोन दिवसांत त्याने मोर नव्याने कापला. यंत्रावर नव्हे. लोखंडी गज वाकवून केलेली कमान, गुळगुळीत झालेली लाकडी मूठ आणि बाजारातले पाते. फळी कधी पायाने दाबून, कधी बाकावर टेकवून. मी शेजारी बसून पाहात होतो. बूलच्या कारखान्यातील हात पाहावयाचा असेल तर तो असाच असणार. जाता जाता त्याने सहज सांगितले, की थर्मोकोल आल्यापासून त्याच्या दोन्ही मुलांनी हे काम सोडले. एक गाडी चालवितो, एक दुकानात आहे. आणि थर्मोकोल गेल्यावर काम परत येईल असे त्याला वाटले होते. पुढचे वाक्य त्याने उच्चारले नाही.

ते न उच्चारलेले वाक्य मात्र मी ऐकले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी यंत्राने परदेशी केले तेच मी माझ्या भक्तीने येथे केले होते. माझी सेवा त्याच्या मजुरीवर उभी होती. आता मंडळींनी मखराचा सांगाडा आणि फळ्यांची निवड त्याच्याकडे मजुरी ठरवून दिली आहे आणि जाळी मी त्याच्या सांगण्याप्रमाणे कापतो. त्याच्या डोळ्यांस आता बारीक रेघ नीट दिसत नाही. हा तोडगा पुरा आहे असे मला वाटत नाही. त्याची मुले परत आलेली नाहीत आणि माझ्या वयाच्या माणसाने शिकलेली विद्या किती दिवसांची? परंतु देवालयास आज दोन म्हातारे मिळून मखर करून देतात, एवढे खरे.

यंदाची फळी उभ्या तंतूंची निवडली आहे. परवा नक्षी रेखाटून त्याच्याकडे नेली. त्याने ती उजेडाकडे धरली, चष्मा कपाळावर सरकविला आणि मानेच्या वळणाशी पेन्सिलीने एक लहानशी खूण केली. “येथे थोडे जास्त राखा,” तो म्हणाला.